ज्याचा गळा, त्याचे नाव

बुलढाणे,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८५६

चि. सौ. प्रेमला हीस भालचंद्राचे अनेक आशीर्वाद.

येथील सर्व क्षेम. तुझे पत्र परवा पावले. मुलगी झाली, तू आणि ती दोघी बऱ्या आहात, हे वाचून समाधान वाटले. मुलगा असता तर आईला अधिक बरे वाटले असते, तरी तिने साखर वाटली. इकडे थंडी पडू लागली आहे. तू गेल्यापासून जेवण आईच्या हातचे असते, तिखट बेताचे असते, त्यामुळे माझी प्रकृती सुधारली आहे. असो.

मोठी बातमी ही की, नागपूरच्या संगीत परिषदेने माझा निबंध स्वीकारला. नाताळच्या सुटीत तो वाचायचा आहे. हेडमास्तर वामनरावांनी सर्वांदेखत अभिनंदन केले आणि नेहमीप्रमाणे खोडी काढलीच. म्हणाले, मेळांना आधीच थोडी का नावे आहेत, त्यात तुमची आणखी कशाला? मी त्यांना समजावून सांगितले. सप्तकात श्रुती बावीस. पेटीवाल्यांनी त्यांतल्या बारा ठेवल्या आणि बाकीच्या वाटेला लावल्या. त्या बावीसांतून सात सात स्वर निवडून जे मेळ होतात, त्यांतल्या कितीकांना शास्त्रात नावच नाही, आणि बिननावाच्या वस्तूला जगात कोणी विचारीत नाही. म्हणून मी नियम केला की, ज्याच्या गळ्यातून मेळ हाती लागला, त्याचे नाव मेळाला द्यायचे. पिंपळगाव राजाच्या त्या भजनी बुवाचा धैवत कोणत्याही पेटीत सापडत नाही, म्हणून तो उकंडराव मेळ.

यावर वामनराव म्हणाले की, उद्या एखादी गाणारीण बैठकीत सांगेल, आता मी तुम्हांला उकंडराव ऐकवते. सगळे शिक्षक हसले. मी हसलो नाही. मागे तुझ्या आईने बाळंतपणासाठी पाठवलेल्या रुखमाबाईच्या ओवीवरून मी रुखमाबाई मेळ बसवला, तेव्हाही हे लोक असेच हसले होते. नियम म्हणजे नियम. एकदा अपवाद केला की शास्त्राची खानावळ होते.

आता तुझ्या विनंतीविषयी. मुलीचे नाव शरयू ठेवण्याची परवानगी मागितली आहेस. ती देता येत नाही. ते नाव मी मेळाला दिले आहे. शरयू मेळ हा माझ्या निबंधाचा कळस आहे आणि निबंध छापखान्यात गेलेला आहे. तुला सांगायचे राहून गेले. एकच नाव मुलीलाही आणि मेळालाही, हे मला चालणार नाही. पहिल्या मुलीसाठी आपण ते ठरवले होते खरे, पण तिचे बारसे झालेच नाही. म्हणजे ते मोकळेच पडले होते.

तू म्हणशील, हा मेळ तर तीन वर्षे मी गाते आहे, मग नाव माझे का नाही? मला वाटले होते तू स्वतःच ओळखशील. तो तुझा नव्हे. तू नुसता उचललास.

पहिल्या खेपेस मी तुला माहेरी पाठवले नाही, कारण आपली श्रुतींची मोजणी अर्ध्यावर होती. त्या दुपारी मी बाहेरच्या खोलीत तार ताणलेली फळी घेऊन बसलो होतो. आत ती रडत होती. तान्ह्या मुलांचे रडणे मी पूर्वी ऐकले नव्हते असे नाही, पण त्या दिवशी त्यात एक गांधार लागत होता. कोमलाच्याही किंचित खाली, आणि जागचा हलत नव्हता. मी तारेखालची घोडी सरकवीत त्याच्या मागे गेलो. रुखमाबाई दोनदा दारात येऊन काहीतरी बोलली, तिच्या बोलण्याने तार जुळता जुळता सुटली. शेवटी जुळली. सुरीने फळीवर खूण केली, ती अजून आहे. त्यानंतर मी लगेच दवाखान्यात गेलोच. डॉक्टर येईपर्यंत आत शांत झाले होते. डॉक्टर स्वतः म्हणाले की, एवढ्या लहान मुलांचे काही सांगता येत नाही. ते मी तुला तेव्हाही सांगितले होते. मेळातले तीनच स्वर तिचे आहेत, बाकीचे चार मी शास्त्राने बसवले. पण मुख्य गांधार तिचा, म्हणून नावही तिचे. तिला नाव नव्हते, ते मी दिले. बाप म्हणून याहून अधिक कोणी काय करतो?

पुढे तू तांदूळ निवडताना नकळत तोच गांधार गुणगुणू लागलीस. मी फळीवर ताडून पाहिला, बरोबर खुणेवर. नागपूरचे दोन गवई त्याच्यासाठी घसा फोडून बसले, त्यांना लागला नाही. पेटीत तर तो नाहीच. तेव्हा तुला परिषदेत आलेच पाहिजे. तू गायली नाहीस तर पुण्याहून येणारी मंडळी म्हणतील की, हा स्वर फक्त मास्तरांच्या डोक्यात आहे, आणि माझी इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाईल.

तोवर तुझा सव्वा महिना होतो. निवृत्तीने तुला नाताळच्या दिवशी नांदुऱ्याच्या स्टेशनात आणून सोडावे, सकाळच्या गाडीने आपण पुढे जाऊ. मुलीला तुझ्या आईजवळ ठेव. गाईचे दूध मुलांना सोसते. तिला आणलीस तर ती मध्येच रडेल आणि श्रोत्यांच्या कानात भलताच स्वर बसेल.

व्यासपीठावर फक्त गायचे, बोलायचे नाही. तुझे 'मले-तुले' ऐकून पुणेकर हसतील आणि मेळावरचे लक्ष उडेल. कोणी काही विचारलेच तर माझ्याकडे पाहावे, मी उत्तर देईन.

मुलीचे नाव कोकिळा ठेव. नावे ठेवण्यात माझा हात बरा आहे. लग्नात तुझे वच्छला हे खेडवळ नाव टाकून मी ताटातल्या तांदळात प्रेमला लिहिले, ते तुला शोभतेच आहे. परिषदेला येणे जमत नसेल तर मग परत येण्याचीही घाई करू नकोस. मी बोलावणे पाठवणार नाही.

तुझ्या आईस नमस्कार, निवृत्तीस आशीर्वाद.

तुझ्या हिताचेच पाहणारा,
भालचंद्र

ता. क. गार पाणी पिऊ नकोस. गळा बसता कामा नये.

* * *

सुलतानपूर,
कार्तिक वद्य दशमी

यजमानांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व खुशाल. आपलं पत्र बारशाच्याच सकाळी पोचलं. निवृत्तीदादा वाचून दाखवायला निघाला होता, मी म्हटलं, दे इकडे, माझं मी वाचते. न्हाणीघरात जाऊन वाचलं. दोनदा वाचलं.

बाहेर पाळणा बांधून झाला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या, गावातल्या बायका जमल्या होत्या. नाव सांगायला आत्या लागते, पण आपण बहिणीला पाठवलं नाहीत. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आई म्हणाली, "काऊन थांबली वो? काय नाव ठेवायचं पोरीचं?" मी सांगितलं, शरयू. रुखमाबाईनं वाकून ते पोरीच्या कानात सांगितलं आणि सगळ्या बायकांनी रुखमाबाईच्या पाठीत रिवाजाचे धपाटे घातले. गावानं ऐकलं. आता ते कुणाला पुसता यायचं नाही.

तो सूर माझाच आहे असं मी तीन वर्षं समजत होते. तांदूळ निवडताना यायचा, पाणी भरताना यायचा. मग आपण खूश होऊन फळी घेऊन माझ्याजवळ बसायचात, आणखी एकदा म्हण, म्हणायचात. मला वाटायचं, माझं एवढं तरी आपल्याला आवडतं. म्हणून मी म्हणायची.

रुखमाबाई दारात येऊन काहीतरी बोलली, असं आपण लिहिलंत. ती काय बोलली ते मी आतून ऐकत होते. "मास्तर, पोरगी निळी पडून राह्यली, डागदरले बलवा." आणि आपण म्हणालात, "जरा थांब, जुळत आली आहे." मला वाटलं, गाडी जुळत आली आहे, डॉक्टरांसाठी टांगा बघता आहात. आजवर तेच धरून बसले होते. त्या दुपारी पोरीलाही तेच सांगत होते, रडू नको, बाबा गाडी आणतात.

आपली आज्ञा मी मोडत नाही. मी येते. नाताळच्या दिवशी दादा नांदुऱ्याला आणून सोडेल. शरयू अंगावर पिते, तिला मागे ठेवणार नाही. रुखमाबाईही सोबत येते आहे. तिच्या नावाचा मेळ आहे, तेव्हा तिला पुढे बसायला जागा द्यावी.

गांधार मी लावीन. खुणेवर लावीन, पुण्याच्या मंडळींना शंका राहणार नाही. मग ते विचारतील की हा कुणाच्या गळ्यातला, कारण नियम आपणच त्यांना वाचून दाखवलेला असेल. तेव्हा मी आपल्याकडे बघणार नाही. मी सांगेन, "हे माह्या लेकीचं रडणं होय. हे मोजून झाल्यावर यायनं डागदर बलावला." माझ्या बोलण्याला हसतील तर हसू देत.

गार पाणी पीत नाही. गळा चांगला आहे.

फळी आणायला विसरू नये. खूण दाखवावी लागेल.

शरयूची आई