पाणरेघ

प्रिय सुकाणू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच फाडायला घेशील, हे मला ठाऊक आहे. तुझ्या जागी मी असतो तर एव्हाना तुकडे करून वर त्यांच्यावर पायही दिला असता. तरी एवढं ऐक. प्रेमबिम यात काही नाही, निदान मी तसं ठरवून लिहायला बसलोय. यात एका लाकडी होडीची हकीकत आहे. हातभर लांबीची होडी, तुझ्या बाबांच्या टेबलावरची. शेवटपर्यंत वाच आणि मग खुशाल फाड. आणि हो, सुकाणू हे नाव तुझ्या बाबांनी ठेवलेलं. चार वर्षांची असताना घरात कोणी कुठे बसायचं हे तू ठरवायचीस, म्हणून. मी ते उसनं घेतलं होतं. तू परत मागितलं नाहीस, म्हणून अजून वापरतोय.

जे सांगताना जीभ जड होते ते आधीच सांगून टाकतो. गेल्या वर्षी तू शिकायला गेलीस आणि मी इथे तापल्या तव्यासारखा चरचरत राहिलो. तुझे फोन आठवड्यावर गेले, मग पंधरवड्यावर. तेव्हा एक दिवस शेजारच्या मावशीच्या फोनवरून मीच तुला निरोप पाठवला, की बाबांची तब्येत बिघडली आहे, असशील तशी ये. तू परीक्षा टाकून आलीस. दारातून बघतेस तर बाबा ठणठणीत, रंधा मारत उभे, आणि त्यांच्या मागे मी, मख्खासारखा. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. पुन्हा तुझं एक अक्षरही खरं मानणार नाही, एवढंच म्हणालीस आणि आल्या पावली स्टेशनवर गेलीस. तुझं वर्ष गेलं. महिन्याभरात मी कॉलेज सोडलं. लोकांना सांगितलं, सरांशी भांडण झालं. झालंही होतं, पण ते मीच उकरून काढलं होतं. तुझं वर्ष बुडवून आपण मात्र वरच्या वर्गात जाऊन बसायचं, हे काही घशाखाली उतरेना.

मग एका सकाळी माफीचं भाषण पाठ करून तुझ्या बाबांच्या शेडमध्ये गेलो. तुला आठवतच असेल, ते कामात असले की समोर कोणी उभं आहे हे त्यांना पाच मिनिटांनी कळतं. मी पहिलं वाक्य काढलं तसा त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा माझ्या हातात कोंबला. म्हणाले, “तोंड कुणीही वाजवतो रे. हात चालव. उभा घास, आडवा घासलास तर रेषा पडतात.” त्या दिवसापासून मी घासतोच आहे. तुझे बाबा, म्हणजे माझे काका, मला शिकवतात, शिव्या घालतात, दुपारी डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवतात. त्या निरोपाबद्दल मात्र चकार शब्द नाही. एकदाच, रंगाचा पहिला हात ओला असतानाच मी दुसरा चढवला आणि सगळा रंग सायीसारखा सुरकुतला, तेव्हा ते म्हणाले, “उतावळा नवरा...” आणि आपण मुलीचे बाप आहोत हे आठवून मध्येच थांबले. पुढचं बाशिंग त्यांनी गिळून टाकलं. मला हसू आलं आणि मग बराच वेळ वर बघवेना. तो सगळा रंग खरवडायला मला चार दिवस लागले.

आता ही होडी. निवृत्त होणाऱ्या एका कप्तानासाठी त्याच्या खलाशांनी करायला सांगितलेली, तो ज्या जहाजावर होता त्याची प्रतिकृती. पट्ट्या जोडून अंग तयार झालं होतं, पुढचं सगळं काकांनी माझ्यावर सोपवलं. आधी जाड पेपर, मग बारीक, मग इतका बारीक की घासतोय की कुरवाळतोय कळू नये. मधल्या फटींत पुट्टी. ओल्या फडक्याने भुसा टिपायचा आणि मग डोळे मिटून बोटं फिरवायची, कारण काका म्हणतात, डोळा खपवून घेतो, बोट घेत नाही. त्यावर, रंगाच्या आधी, करड्या अस्तराचा हात. हे अस्तर म्हणजे नंबर एकचं चहाडखोर. लाकूड जिथे जिथे खोटं बोललं असेल तिथे तिथे बोट दाखवतं. मला गुळगुळीत वाटलेल्या अंगावर एका हातात सतरा ओरखडे दिसले. काकांनी मात्र एकही दाखवला नाही. ते होडीजवळ तोंड नेऊन म्हणाले, छान झालंय. मी हरखलो. तीन वर्षांच्या पोरासारखा हरखलो. सतरा ओरखडे त्यांना दिसलेच कसे नाहीत, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण कौतुक ऐकलं की माणूस आणखी काही ऐकत नाही.

मग पाणरेघ. होडीचं किती अंग पाण्यात आणि किती वर, ती रेघ. खाली लाल, वर पांढरा. तू लहानपणापासून बघितली आहेस ती पद्धत. होडी सपाट फळीवर पाचरी लावून सरळ बसवायची, लाकडी ठोकळ्याला पेन्सिल बांधायची आणि ठोकळा फळीवरून होडीभोवती सरकवत न्यायचा. पेन्सिल चुकत नाही. चुकते ती पाचर. म्हणून आधी होडी सरळ बसली का, हे लांबून बघावं लागतं, आणि ते बघणं या शेडमध्ये एकाच माणसाचं. काका चार पावलं मागे गेले, गुडघ्यात वाकले, नेहमीसारखा डावा डोळा मिटला. म्हणाले, “मागून जरा उचल. अजून. अजून थोडी. हं, बस. आता ताठ बसली.” मी बघतोय तर होडी नाकावर पडल्यासारखी पुढे झुकलेली.

मी, भडकू. तूच ठेवलेलं नाव. प्राचार्यांच्या तोंडावर त्यांची चूक सांगणारा, बसच्या वाहकाशी हुज्जत घालून दोन थांबे आधी उतरणारा. मी गप्प बसलो. का, ते अजून नीट सांगता येत नाही. ज्या माणसाने माझं खोटं एकदाही तोंडावर फेकलं नाही, त्याला त्याची रेघ वाकडी आहे म्हणून कसं सांगायचं? मी पेन्सिल फिरवली. चिकटपट्टी लावली, तिची कड नखाने दाबली. लाल रंगाचे तीन हात दिले, प्रत्येक हातानंतर पूर्ण दिवस थांबलो. सुकाणू, आयुष्यात इतक्या धीराने मी काही केलं नव्हतं, आणि तेही ढळढळीत चुकीचं.

चिकटपट्टी काढली त्या दुपारी शेडचं दार सताड उघडं होतं, उजेड थेट टेबलावर. काकांनी नेहमीसारखा अंगठा रेघेवरून फिरवला. रंगाची कड लागते ना बोटाला, ती चाचपत पुढून मागे. मग काठापासून रेघेपर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं. पुढच्या टोकाला एक बोट, मागे तीन. पुन्हा मोजलं. मला वाटलं आता उचलून आपटतील. ते स्टुलावर बसले आणि हसायला लागले. “ही निघाली तर लेका थेट तळालाच जायची,” म्हणाले. हसून झाल्यावर विचारलं, तुला दिसलं होतं ना? मी हो म्हणालो. मग विचारलं, “मी कुठला डोळा मिटला होता?” मी म्हणालो, डावा. ते म्हणाले, “बघ. चाळीस वर्षांची खोड. चालतोय तो मिटतो आणि मेलेल्याने बघतो. बाकी सगळा अंदाज.”

उजव्या डोळ्याने त्यांना काही दिसत नाही, सुकाणू. गेले पाच महिने. डाव्यालाही कडेकडेने अंधार धरतोय. दुसऱ्या दिवशी मी त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरकडे नेलं. उजवा गेला तो गेला. डावा वाचवता येईल, पण ऑपरेशन याच महिन्यात व्हायला हवं. काका म्हणतात, पोरीची परीक्षा संपल्यावर बघू, म्हणजे दोन महिन्यांनी. मी भांडलो, पाया पडलो, शेवटी म्हणालो, मी तिला कळवतो. तेव्हा ते माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. “माझ्या नावाने तिचं एक वर्ष बुडालंय, दुसरं बुडू देणार नाही,” म्हणाले, आणि माझ्याकडून वचन घेतलं. म्हणजे बघ, त्यांना तुला हाक मारता येत नाही ती माझ्यामुळे. आणि मी मारली तर तू ऐकणार नाहीस, तेही माझ्यामुळेच. त्यांनी डोळ्यांवर बांधून घेतलेली पट्टी मी विणलेली आहे.

ती वाकडी रेघ मी घासून काढली. पुन्हा अस्तर, पुन्हा पांढरा, पुन्हा लाल. या खेपेला पाचर काकांनी बोटांनी बसवली आणि मी डोळ्याने बघितली. रेघ सरळ आली आहे. होडी शनिवारी न्यायची आहे.

आता पत्राचं कारण. आज मी त्यांना दिलेलं वचन मोडतोय. सोबत डॉक्टरांच्या कागदाची प्रत आहे, वर त्यांचा नंबर आहे, त्यांना विचार. ऑपरेशनसाठी त्यांनी पुढचा सोमवार राखून ठेवला आहे. तुझं वेळापत्रक मी तुझ्या कॉलेजच्या फलकावर माणूस पाठवून बघून घेतलं, त्याबद्दल हवं तर आणखी एक शिवी दे. तुझा पहिला पेपर त्यानंतर नऊ दिवसांनी आहे. तीन दिवस पुरतील. तू दारात उभी राहून हुकूम सोडलास की ते मुकाट चपला घालतील, दुसऱ्या कुणाचं ते ऐकत नाहीत. मी तुला बोलावण्यासाठी पुन्हा तीच युक्ती काढली असं तुला वाटणार. वाटायलाच हवं. म्हणून शनिवारी होडी घेऊन कप्तानाकडे मीच जातोय, आणि तू परत गेल्याचं मावशीने कळवेपर्यंत इकडे फिरकणार नाही. शेडची किल्ली तिच्याकडे आहे. तरीही विश्वास बसत नसेल तर माझ्यावर ठेवूच नकोस. आज बाबांना फोन कर, इकडचं तिकडचं बोल आणि मध्येच सहज विचार, बाबा, रेघ बघताना हल्ली कुठला डोळा मिटता? तुझ्याशी त्यांना खोटं बोलता येत नाही. ‘डावाच की’ म्हणून ते लगेच हसले तर हे पत्र फाडून टाक. गप्प झाले तर ये.

इथे ‘तुझाच’ लिहायची सवय होती. तो शब्द त्या निरोपासोबत गेला.

भडकू