आप्पांचा तळहात

बुधवार, १२ नोव्हेंबर. संध्याकाळ.

आप्पांना कळलं कसं?

लॅपटॉप घ्यायला आज त्यांना घेऊन दुकानात गेले. साडीच्या काठांची डिझाइनं काढायची म्हणजे दणकट मशीन हवं, पण ते भलतंच जड. हलकं घ्यावं तर मोठं डिझाइन उघडताना अडकणार. अर्धा तास माझं हे की ते चाललेलं.

आप्पांचा सगळा जन्म वडगावात मागावर गेला. विणलेली साडी नुसती तळहातावर घेऊन वजन सांगतात. तसेच दोन्ही लॅपटॉप एकेका तळहातावर घेतले आणि डोळे मिटले. दुकानदार हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हलका घे गं."

"आप्पा, घरात बसूनच तर काम करायचंय. जड असला म्हणून काय?"

"माग बी लई दणकट हाय. पर उचलून कुठं नेता आला न्हाय मला. तुला पुण्याला जायचंय न्हवं?"

पुण्याच्या नोकरीचं मी घरात अवाक्षर काढलं नव्हतं! आप्पा एकटे पडतील म्हणून नकोच असं कळवणार होते.

हलकाच घेतला. येताना रिक्षात त्यांनी तो मांडीवर नाही ठेवला. वडगाव येईपर्यंत तळहातावरच धरून बसले.