रस्त्याकडची खोली अक्षराची

मी, अमरनाथ गुरुपादप्पा शेटकार, वय ५६, संस्कृत शिक्षक, राहणार अहमदपूर, जि. लातूर, दोन्ही पाय पोलिओने नेलेले, बुद्धी अद्याप जागेवर, कोणी न सांगता, न दटावता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

आरंभीच शालींविषयी एक गंभीर तक्रार. दर दिव्यांग दिनी मला मंचावर उचलून नेऊन शाल पांघरवण्यात आली. एकही शाल ऊब देत नाही, आणि धुतली की रंग सोडते. हा सर्व साठा धाकटा भाऊ रुद्रेश यास देतो. गाडी पुसायला होईल. शाल नको, मंचाला उतार करा, असे मी दर वर्षी म्हणालो. दर वर्षी टाळ्या पडल्या.

तीनचाकी सायकल आमच्या हक्क संघटनेस. अशाच सायकली आडव्या लावून आम्ही एका सरकारी कचेरीचा जिना अडवला होता. धडधाकटांनाही त्या दिवशी वर जाऊ दिले नाही. साहेब खाली येऊन गोड बोलले, "मामा, सांगायचं की, उचलून नेलं असतं." आमचा निवृत्ती सोनकांबळे, ज्याचा उजवा हात मळणी यंत्रात गेला, म्हणाला, "सायेब, आमाला नगा उचलू. पायऱ्या उचला." उतार झाला. आता त्यावर कर्मचाऱ्यांच्या मोटारसायकली उभ्या असतात. तरी त्या दिवशी मी जसा ताठ बसलो, तसा पुन्हा कधी बसलो नाही.

देहाविषयी. आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे मला बसवून पुरावे. बसण्यात मला नवीन काही नाही. मात्र मांडी जमावी म्हणून माझे पाय ओढू-वाकवू नयेत. ते सरळ करण्याची हौस आईपासून वैद्यांपर्यंत सर्वांनी मी जिवंत असतानाच भागवून घेतली आहे. आहेत तसे ते माझे आहेत, आणि मला त्यांची लाज नाही.

घर स्वकष्टार्जित आहे. मागचा भाग व माडी रुद्रेशला. रस्त्याकडची खोली, तिचे दार आणि दारापुढचा सिमेंटचा उतार त्याची धाकटी मुलगी अक्षरा हिला. ती लहानपणापासून व्हीलचेअरवर आहे. उतार फोडून तिथे चारचाकी लावण्याचा बेत रुद्रेशने सोडावा. आमच्या मोर्चात अक्षरा सर्वांपुढे हलगी वाजवीत होती आणि चालणारे तिच्या मागून, तिच्या वेगाने येत होते. तेव्हा हाच रुद्रेश मला म्हणाला, "अण्णा, पोरीला रस्त्यानं कशाला मिरवायलात? थोरलीला पाव्हणे यायलेत."

मी म्हणालो, "मग त्यांनाही ऐकू दे हलगी."

पुढे कित्येक महिने तो माझ्याशी बोलला नाही. घरात मोठी शांतता होती.

अंमलबजावणी संघटनेच्या वकील बुद्धप्रिया ढवळे करतील. रुद्रेशने रडून दाखवले तरी त्या बधणार नाहीत.

एवढे पक्के करूनही मन थाऱ्यावर नाही. गेल्या महिन्यात थोरलीला बघायला पाहुणे आले. अक्षरा मागच्या खोलीत होती, दार लोटलेले. मी रुद्रेशवर ओरडणार, तोच ती हळू म्हणाली, "मोठे बाबा, मला कुणी न्हाई बसवलं इथं. मीच आले. ताईचं जमू द्या."

रुद्रेशशी भांडायला कायदा आहे. रस्त्याकडची खोली तिच्या नावावर करता येते. पाहुणे आले तरी ती त्याच खोलीत बसून राहील, याची तरतूद मात्र मला कोणत्याही कलमात करता आलेली नाही.

अहमदपूर, दि. ११ जानेवारी २०२६
(सही) अमरनाथ गुरुपादप्पा शेटकार

आमच्यासमोर सही केली:
निवृत्ती सोनकांबळे (सही, डाव्या हाताने)
महादेवप्पा बिराजदार, शेजारी (सही)