कोरड्या गावांची वही

जुने शहर, अकोला
शुक्रवार, सकाळ

प्रिय किशोर,

परवा तू फोनवर ती वही मागितलीस. पावसाळ्यात कुठे जाऊन राहावं याची, आपण दोघांनी उन्हाळाभर भरलेली. छोटीची छाती भरून येते, डॉक्टर म्हणतात ओल बाधते, महिनाभराची रजा मिळाली तर रागिणीवहिनी आणि छोटीला घेऊन कुठे जाऊ, असं तू विचारलंस. मी म्हणालो, पाहून सांगतो. वही माझ्यासमोर आहे. ती या पत्रासोबत पाठवत नाही. का, ते क्रमाने लिहितो; क्रम सोडला तर मला लिहिता येणार नाही. नववीत शाळा सुटली तरी खाडाखोड केलेला कागद मी कधी कुणाला दिला नाही, हे तुला माहीत आहे. आज देतो आहे. तू ड्युटीवरून आल्या आल्या हे वाच. बूट न काढता उभ्यानेच वाचलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

अम्मीचे, तुझ्या खालाचे, तीन पावसाळे तू पाहिलेस. मृग लागला की तिचा दम सुरू व्हायचा, आणि पोळ्यापर्यंत ती भिंतीला पाठ लावून बसलेली असायची. आमचं घर म्हणजे गाद्यांच्या दुकानाच्या मागची खोली. पाऊस आला की खिडकी बंद, दार बंद, कारण कापूस भिजायला नको. डॉक्टर म्हणाले, यांना चार महिने कोरड्या हवेत न्या. त्यांनी ते सहज म्हटलं असेल. मी त्याची वही केली. प्रत्येक गावाला तीन रकाने: पाऊस किती दिवस, दवाखाना किती लांब, आणि संडास खोलीला लागून आहे की नाही.

सुटीच्या दिवशी तू बडनेऱ्याहून यायचास. पहिल्याच पानावर तू मुद्दाम चिखलदरा लिहिलंस आणि मी पट्टी लावून ते खोडलं. तू म्हणालास, “शाहनवाज, तू थेट वाळवंटातच घेऊन जाय खालाले.” आतून अम्मी म्हणाली, “हौ, अन् उंटावर बसून खोकू काय मी? तुमचा उंट तुमालेच ठेवा.” ती हसली, मग बराच वेळ खोकली, आणि आपण दोघं वहीत पाहत राहिलो. बऱ्हाणपूरला मावशीचं घर होतं, पण नदी जवळ, म्हणून खोडलं. तू तुझं रेल्वेचं क्वार्टर लिहायला लावलंस. मी येऊन पाहिलं, मोरीच्या भिंतीला हिरवं धरलेलं होतं, म्हणून तेही खोडलं. तू दोन दिवस फोन उचलला नाहीस. सांगोला तुझ्यामुळेच सापडलं. तुझ्या ओळखीचा तिकडचा गार्ड म्हणाला होता ना, “आमच्याकडं पावसाळा म्हणजे नुसते ढग बघायचे.” त्या पानावर मी काहीच खोडलं नाही.

अम्मी एकाच अटीवर तयार झाली. “मी येतो. पण माही गादी संग पाह्यजे. परक्याच्या गादीवर मले झोप नाही लागत.” ती गादी तू पाहिली आहेस, निळ्या पट्ट्यांची. तिच्या लग्नात माझ्या नानांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, दर्यापूरकडच्या त्यांच्या वावरातला कापूस भरून दिली होती. पिंजाऱ्याच्या घरात असा कापूस टाकून देत नाहीत. चार-पाच वर्षांनी खोळ उसवायची, कापूस पिंजायचा, पुन्हा भरायचा. अब्बांनी तो कितीतरी वेळा पिंजला. ते गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं.

आता जे लिहितो ते तुला मी कधी सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी मोर्णा नदीचं पाणी दुकानात शिरलं, तेव्हा ती गादी खालून भिजली होती. पुरात बुडालेला कापूस गिऱ्हाइकाने आणला तर अब्बा हात लावत नसत. “हा मशीनवर नाही चढणार,” एवढंच म्हणायचे. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला वाटायचं, घाण पाण्याचा म्हणून. मीही गिऱ्हाइकांना तसंच परत पाठवतो. पण हा अम्मीच्या माहेरचा कापूस होता. मी तो आठ दिवस गच्चीवर वाळवला, तासातासाने हाताने पालटला. पांढरा दिसायला लागला, तसा न पिंजताच परत खोळीत भरला. या मे महिन्यात सांगोल्यासाठी तोच पिंजला, नवी खोळ शिवली, दाट टाके घातले. इतकी चांगली गादी मी आजवर कुणाला भरून दिलेली नाही. भरताना अम्मी जवळ बसली होती. तिने त्यातला थोडा कापूस ओंजळीने बाजूला काढला आणि पदराखाली ठेवला. तो कशासाठी होता, ते तुला माहीत आहे.

सांगोल्याची खोली चांगली होती. दारात लिंबाचं झाड, अंगणात कडक ऊन. ढग यायचे आणि जायचे. सकाळी अम्मी झाडाखाली बाजेवर बसायची, तेव्हा बरी असायची. घरमालकीणबाईंना अकोल्याच्या गोष्टी सांगायची. त्या तिला म्हणायच्या, “तुमची भाषा लई गोड भांडणासारखी हाय.” दुपारी आत जाऊन आडवी झाली की दम लागायचा. मी वहीत वेळा लिहीत होतो. बाहेर बसली, खोकला नाही. आडवी झाली, अर्ध्या तासात खोकला. बारा दिवसांची नोंद माझ्या अक्षरात आहे, किशोर. एकही ओळ चुकलेली नाही. मी ती रोज वाचायचो आणि मला त्यातून एवढंच कळलं की तिला आडवं होणं सोसत नाही. म्हणून मी गादीखाली विटा ठेवून उशाकडची बाजू उंच केली.

तेराव्या दिवशी तिला दवाखान्यात ठेवलं. लोखंडी खाट, रेक्झिनची काळी गादी. तीन दिवस ती त्यावर आडवी झोपली, पेज प्यायली, शेजारच्या बाईला “मले इथंच ठेवा म्हनाव” असं म्हणाली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरी काय काम करता. मी म्हणालो, पिंजारी. ते म्हणाले, मग यांना कापसापासून लांब ठेवा. मी म्हणालो, म्हणूनच तर इतक्या लांब आणलं आहे. मी हे अभिमानाने म्हणालो.

तिला खोलीवर परत आणायच्या सकाळी मी गादी बाहेर काढली, उन्हात टाकली, काठीने झोडून फुगवली. अंगणात पांढरी धूळ उडाली. घरमालकीणबाईंनी नाकाला पदर लावला. मी नाही लावला, मला सवय आहे. गादी पुन्हा अंथरली. अम्मीने तिच्यावर हात फिरवला आणि म्हणाली, “आता कसं घरी आल्यासारखं वाटून राहिलं.” दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. आम्ही तिथे होतो तेवढे दिवस पावसाचा एक थेंब पडला नाही. तिला तिथेच माती दिली. कोरडी माती होती, कुदळ चालत नव्हती. तू फोनवर विचारलंस, काय झालं, आणि मी म्हणालो, वय झालं होतं. अम्मी अठ्ठावन्न वर्षांची होती.

गादी मी परत आणली आणि न सोडता माळ्यावर ठेवली. परवा तुझा फोन आला तोवर ती तशीच होती. छोटीचं सांगता सांगता तू एक वाक्य बोललास, आणि फोन ठेवल्यावर मी माळ्यावर चढलो. टाके उसवले. वरून कापूस पांढरा दिसतो. उलगडला की सगळीकडे मूठमूठभर राखाडी निघतो, त्यात काळे ठिपके आहेत, आणि हाताने पिंजारला की पिठासारखी बुरशी उडते. ऊन आतपर्यंत पोचलंच नव्हतं, आणि जे आत होतं ते मी मशीनमध्ये घालून सगळीकडे सारखं करून टाकलं. बंद खोलीत ती दोन पावसाळे त्याच्यावर झोपली. उरलेले दिवस मी तिला गाडीने तिकडे नेऊन त्याच्यावर झोपवलं. त्याआधीचा तिचा दम दुकानातल्या कापसाचाच असणार. जिला आम्ही पावसाची बाधा समजत होतो, ती आमच्या हातची होती. काल दिवसभर मी दुकान उघडलं नाही. आज उघडेन, मला दुसरं काही येत नाही. हल्ली जिना चढताना मलाही मध्ये थांबावं लागतं, पण ते सोड.

तू बोललास ते वाक्य असं होतं: खालाची दुलई अंगावर घेतल्याशिवाय छोटी झोपतच नाही. म्हाताऱ्या माणसाच्या वापरातल्या कापसाची दुलई लेकराला दिली की त्याला आयुष्य लाभतं, असं अम्मी म्हणायची. सांगोल्याला निघायच्या आधी छोटीच्या बारशाला दिलेली ती दुलई तिने त्या ओंजळभर कापसाची शिवली होती. आज सकाळी मी हेच सांगायला फोन केला. तू ड्युटीवर होतास. वहिनींनी उचलला, आणि मी बोलायच्या आधीच म्हणाल्या, खाला गेल्यापासून तर तीच घालतो हो तिच्या अंगावर, आठवण म्हणून. त्यांच्या मागून छोटीचा खोकला ऐकू येत होता. मी “बरं” म्हणालो आणि फोन ठेवला. म्हणून हे पत्र आत्ताच्या गाडीने तुझ्या गँगमधल्या चंदनच्या हाती देतो आहे, संध्याकाळच्या आत तुला मिळेल. छोटीला कुठेही नेऊ नकोस. कुठल्याही गावाला जाऊन काही होणार नाही. आधी ती दुलई घराबाहेर काढ आणि जाळ. छोटीला पुन्हा डॉक्टरांकडे ने आणि त्यांना कापसाचं सांग. एवढ्याने ती बरी होईल की उशीर झाला आहे, हे मला माहीत नाही आणि मी तसं लिहिणार नाही. वहिनींना माझं नाव सांग, अम्मीचं सांगू नकोस. फक्त दुलई धुऊन ठेवू नकोस. उन्हात घालू नकोस. मी गादी उन्हात घातली होती.

तुझाच,
शाहनवाज