रू म्हणजे सताप

कन्हेरी,
सोमवार

ती. माधवदाजी यांना मेहुण्या सर्जेरावाचा दंडवत. तुमचे गुडघे कसे आहेत? पद्मी बरी असेल. (सख्खी बहीण माझा फोन उचलत नाही, म्हणून तुम्हाला विचारतोय.)

दाजी, माझ्या हातून फार वाईट झालं. नरसिंहपूरला पंगतीत तुम्ही चारचौघांत म्हणालात, "एमेस्सी झालेली पोर भाजीवाल्याला दिली व्हय?" आणि मी भरल्या ताटावरून उठलो, इथपर्यंत आपण दोघं सारखेच. (आमच्या प्रगतीचा होणारा नवरा ढोबळी मिरची पिकवतो, हातगाडी लावत नाही, पण ते राहू द्या.) पुढं तुमचा मेसेज आला, "आय रू माय वर्ड्स." कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तुम्ही महत्त्वाचं सगळं इंग्रजीत लिहिता, आणि इंग्रजी येणारी आमची प्रगती नेमकी इंदापूरला गेलेली. मग मीच मोबाईलमध्ये 'रू' शोधला. उत्तर आलं: सताप, उग्र वासाचं औषधी झुडूप. मला वाटलं, तुमच्या नातीला, छकुलीला, खोकला झाला असणार. दाजींना सताप पाहिजे, आणि 'माय वर्ड्स' म्हणजे माझा शब्द मोडू नका. एवढं भांडूनही माणसानं आपल्याकडं काही मागितलं, यानंच मला भरून आलं. बायकोनं, झुंबरनं, न्हाणीपाशी जपलेलं झुडूप मुळासकट काढून कुंडीत लावलं आणि मोटारसायकलवरून भवानीनगरला तुमच्या घरी आणलं. दाराला कुलूप होतं, म्हणून उंबऱ्यावर ठेवून आलो.

संध्याकाळी पद्मीचा फोन. "दादा, त्यांनी हात जोडलं अन् तू दारात घाण वासाचं झाड ठिवलंस? मला आता भाऊ न्हाय." मी तोंड उघडायच्या आत फोन बंद. प्रगती आल्यावर कळलं, या एवढ्याशा शब्दाला दोन अर्थ आहेत. एक सताप, दुसरा पश्चात्ताप. "आबा, ती माफी हुती," पोरगी म्हणाली आणि आत निघून गेली.

दाजी, तुमच्यासारख्याला ते चार शब्द लिहिणं किती जड गेलं असेल, ते आता कळतं. मराठीत तर तुमच्याच्यानं लिहवलं नसतं. आणि त्यावर मी कडू पाला धाडला. तुम्ही कुंडी रस्त्यावर भिरकावलीत म्हणे, ते ठीकच केलंत. मला मात्र अन्न गोड लागत नाही.

छकुलीला पापा. तुम्हाला काय म्हणावं, ते सुचत नाही.

तुमचा,
सर्जेराव

ता. क. रविवारी प्रगतीची हळद आहे. पहिली हळद आत्याच लावणार, नाहीतर नको, असं पोरगी धरून बसली आहे. पद्मीला घेऊन या.

आणखी ता. क. हे पत्र निव्वळ पोरीच्या हट्टापायी लिहिलंय, माझं काही अडलेलं नाही. (झुंबर शेजारी बसली आहे. म्हणते, मग दोनदा कागद भिजला म्हणून बदलला, तेही लिहा.)