आईच्या चहातली साखर

खाली सही करणारा मी, वय छप्पन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, शरीराने खचलेला परंतु बुद्धीने शाबूत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. आईच्या आधी त्याची गरज पडेल असे वाटले नव्हते.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नीस. आईचा तिच्या खोलीवरील हक्क हयातभर राहील.

२. स्वयंपाकघरातील वजनकाटा थोरल्या भावास. आईच्या दागिन्यांची वाटणी त्याने नुसत्या नजरेने केली होती. पुढे उपयोगी पडेल.

३. वारंवार घ्याव्या लागलेल्या प्रतिजैविकांनी माझ्या आतड्यांतील उपकारक जिवाणू नष्ट झाले. अन्न अंगी लागेना. आई अठ्ठ्याऐंशीची, पण तिची पचनशक्ती तरुणाला लाजवील अशी. एवढ्या वयाचा दाता सहसा घेत नाहीत. तिचे अहवाल पाहून डॉक्टरांनी अपवाद केला. तिच्या विष्ठेतील जिवाणू नळीने माझ्या आतड्यांत सोडायचे ठरले. थोरला हसला, "आईचं तुझ्या वाट्याला शेवटी हेच आलं होय रे!"

"तू गप बस," आई म्हणाली. "लहानपणी याचं मी काढलं, आता माझं याला देते. फिट्टंफाट!"

साखरेने हे जिवाणू बिघडतात असे कळताच तिने चहातली साखर सोडली. आयुष्यभर दोन चमचे घेणारी बाई. म्हणाली, "तुझी माणसं माझ्या पोटात राहतायत. त्यांचं पथ्य नको पाळायला?"

४. उपचार तीनदा झाला, दर वेळी काही आठवडे, रोज ताज्या नमुन्याने. जिवाणू रुजले नाहीत. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तो थांबवला. आईला हे सांगितलेले नाही. ती रोज सकाळी झाकण घट्ट लावलेली डबी पत्नीच्या हाती देते, "सांभाळून ने गं" म्हणते आणि वळणापर्यंत पाहत राहते. पत्नी वळणापलीकडे जाऊन डबीची विल्हेवाट लावते. आईने दिलेले निरुपयोगी ठरले, असे तिला कोणीही, विशेषतः थोरल्याने, कधीही सांगू नये. तिच्या देण्यात उणीव नव्हती. मलाच ते ठेवून घेता आले नाही.

५. माझ्या पश्चात आईच्या चहात पुन्हा दोन चमचे साखर घालावी. मी नसलो तरी ती सवयीने कप परत करील. म्हणेल, "त्याचं पथ्य आहे ना?" तेव्हा तिला काय सांगावे, हे मी चार दिवस शोधतो आहे. सापडलेले नाही. आयुष्यात एकही रकाना मी रिकामा सोडला नाही. हे कलम मात्र अपुरे ठेवून सही करीत आहे.

स्थळ : राहते घर, आईच्या शेजारची खोली
दिनांक : ११ मार्च २०२४

(सही)

आमच्यासमोर सही झाली. लिहिणारा पूर्ण शुद्धीत होता :
१. कुटुंबाचे डॉक्टर (सही)
२. शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले (सही)