बारक्याचं पान

दि. ३ जानेवारी

चि. बारक्यास,
ताईचे अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस. तुझ्यावरचा राग संपलेला नाही, पण तुझ्या वकीलबाई म्हणाल्या की तुरुंगात टपाल पोचतं, आणि या घरात तुझ्याशी बोलायला दुसरं कुणी तयार नाही. म्हणून मीच बसले.

दादा घरी आला. जखम भरली, कानाच्या वर करंगळी बसेल एवढा खड्डा तेवढा राहिला. चालतो, जेवतो, माझी टर उडवतो. आईबाबा गेल्यावर आपल्या दोघांना कसं वाढवलं, गॅरेज कसं उभं केलं, सगळं त्याला लख्ख आठवतं. पण नवं काही टिकत नाही. आज सांगितलेलं उद्या उठेपर्यंत पुसलेलं असतं. तू त्याच्या डोक्यात जॅकची दांडी घातलीस हेही त्याला माहीत नाही. रोज सकाळी डोकं चाचपतो आणि वहिनीला विचारतो, मी पडलो का गं?

उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं की याच्यासाठी डोक्याबाहेर एक आठवण तयार करा, म्हणजे एक प्लॅनर, रोजच्या नोंदींची वही. मग काय, दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांच्या वेळा लिहिणाऱ्या बाईला आणखी काय हवं! रिंगांचा जाडजूड आणला, पानं काढता-घालता येतात असा. रंगीत पुठ्ठे घालून भाग पाडले: आज, औषधं, घर, माणसं. रिंगा मिटताना माझा अंगठा सापडला, नख काळंनिळं झालं, आणि तुझा भाऊ पोट धरून हसला. त्याने जुन्या ट्यूबची पट्टी कापून पेन अडकवायला कडं केलं. नंबरपाटीची उरलेली अक्षरं चिकटवून वर आपलं नाव लावलं. आता प्लॅनर बघितला की एखादी गाडीच उभी आहे असं वाटतं.

अडलंय ते ‘माणसं’पाशी. प्रत्येकाचं एक पान, फोटो आणि खाली चार ओळी. वहिनीचं झालं, माझं झालं. तुझा फोटो लावलाय, खाली कोरं आहे. वहिनीचं म्हणणं, लाल शाईने लिही आणि काही झाकू नकोस. मला धीर होत नाही. तूच सांग, काय लिहू?

जिवाला जप. रागाने लिहिलंय, पण लिहिलंय, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
ताई


दि. १२ जानेवारी

ती. ताईस,
बारक्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी एकाने माझं पांघरूण ओढलं म्हणून मी त्याच्या तोंडावर बुक्की मारली. मग त्याच्या तिघा सोबत्यांनी मला संडासात नेऊन तुडवलं. बरगड्या दुखतात, शिंक आली की ब्रह्मांड आठवतं. अक्षर वाकडं आहे ते त्यामुळे. काळजी करू नकोस, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

ताई, माझं पान काढून टाक. नाहीतर लिही की बाहेरगावी कामाला गेलाय. त्याला रोज उठून हे वाचायला लावणार म्हणजे मी त्याला रोज नव्याने मारणार. एकदा मारलं ते पुरे झालं. खोटं तर खोटं. निदान तो दिवसभर हसेल तरी.

वहिनीला काही सांगू नकोस. तिने माझ्या हातचा चहा कितीदा नावाजला होता, ते आठवलं की तोंड दाखवावंसं वाटत नाही.

रागातली का होईना, माया राहू दे.

तुझा,
बारक्या


दि. २ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं ऐकलं आणि तोंडघशी पडले.

‘धाकटा भाऊ, बाहेरगावी कामाला आहे’ असं लिहिलं. झालं! रोज सकाळी दादा विचारी, कुठल्या गावी, कोणाकडे, आणि मला न सांगता गेलाच कसा. फोन लावायला सांगे. एक दिवस आमचा डोळा चुकवून तुला शोधायला गॅरेजवर गेला. कुलूप बघून शेजारच्या पंक्चरवाल्याला विचारलं. तो भला माणूस, त्याला कुठे आमचं नाटक माहीत? त्याने सरळ सांगितलं की बारक्यानेच तुझं डोकं फोडलं, तो आत आहे. दादाने त्याची मान धरून तोंड समोरच्या गाडीच्या बॉनेटवर आपटलं. एकदा नाही, लोक सोडवेपर्यंत. घरी आला तो शर्ट रक्ताने भरलेला, आणि वर अभिमानाने सांगतोय की आपल्या बारक्याची बदनामी करणाऱ्याला चांगला धडा शिकवला.

पंक्चरवाल्याचे पुढचे दोन दात गेले. पोलिसांत गेला नाही. आमच्याच डॉक्टरांनी नवे लावले. वेळ मी दिली, आणि त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

मग म्हटलं, आता खरंच लिहायचं. पान बदललं. ‘बारक्याने तुला जॅकच्या दांडीने डोक्यात मारलं. दोनदा. तो तुरुंगात आहे.’ दुसऱ्या दिवशी दादाने चहा पिता पिता ते वाचलं. कप खाली ठेवला, अगदी हळू. मला वाटलं, निभावलं. आणि मग त्याने स्टूल उचलून आरशावर घातलं. कपाटाचं दार उपटलं. तुझं नाव घेऊन अशा शिव्या दिल्या की शेजारी जिन्यात गोळा झाले. वहिनी प्लॅनर हिसकायला गेली. त्याने तिचं मनगट धरलं आणि पिरगळलं. हाड मोडल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला, बारक्या. त्याच्या डॉक्टरांनी येऊन इंजेक्शन दिलं तेव्हा शांत झाला.

खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. सकाळी उठला, वहिनीच्या हाताचं प्लॅस्टर बघितलं आणि कासावीस झाला. कोणी केलं सांग, त्याचे हात तोडतो, म्हणाला. ती म्हणाली, न्हाणीघरात घसरले. तर हा बाजारात जाऊन रबरी चटई घेऊन आला आणि ती पुन्हा घसरू नये म्हणून दुपारभर गुडघ्यांवर बसून फरशीला चिकटवत राहिला. वहिनी दारात उभी राहून बघत होती. तिच्या तोंडावर काय होतं, ते मला लिहिता येत नाही.

तुझं पान मी काढून माझ्या कपाटात ठेवलंय. पुढे काय करायचं सुचत नाही.

तुझं मन शांत राहो, असं म्हणवत नाही. निदान हात शांत राहू दे.

तुझी,
ताई


दि. १० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ती चटई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

वहिनीला तिथून हलव. तू म्हणशील, तो आजारी आहे. आजारी आता झाला. त्याच्या आधी काय होतं? मी आठ वर्षांचा असताना माझ्या हातून हेडलाइट फुटला, तेव्हा त्याने मला फॅनबेल्टने फोडून काढलं होतं. तेव्हापासून काही चुकलं की बेल्ट. तू स्वयंपाकघरात रेडिओ मोठा करायचीस. दोष देत नाही, तूही लहानच होतीस. पण मला अजून कुठे रेडिओ मोठ्याने लागला की पाठ आवळून येते.

त्या दिवशीही तेच. माझ्याकडून एका गाडीचे चाकाचे नट ढिले राहिले. गिऱ्हाईक ओरडत आलं. दादाने त्याच्यासमोर माझ्या कानाखाली वाजवली आणि खुंटीवरचा बेल्ट काढला. मी तिशीचा माणूस, ताई, आणि माझे गुडघे आपोआप वाकले. मग हातात दांडी आली.

कोर्टात कोणी विचारलं नाही, पण तुला सांगतो. पहिला फटका रागाचा होता. दुसरा मारला तेव्हा तो खाली पडलेला होता, हात वर करून काहीतरी म्हणत होता. मी रागाने नाही मारलं. तो उठेल या भीतीने मारलं. पान लिहायचंच तर हेही लिही, नाहीतर काहीच लिहू नकोस.

आता लोभ मागायचं तोंड नाही. तू देशील तेवढा घेईन.

बारक्या


दि. १ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

रेडिओचं खरं आहे.

वहिनी तिच्या भावाकडे गेली होती. जायच्या आधी तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. औषध बदललं. आणि चार दिवसांनी तिच्याकडून एक पाकीट आलं, त्यात प्लॅनरच्या मापाचं पान, भोकंसुद्धा पाडलेली. डाव्या हाताने लिहिलेलं, एकेक अक्षर खुरडत चाललेलं: ‘माझा हात तू मोडलास. मी न्हाणीघरात पडले नाही. पुन्हा हात उचललास तर मी परत येणार नाही.’ सोबत मला निरोप होता की बारक्याचं पान पुन्हा घाल, त्यासमोर हे लाव, मिटलं की दोन्ही एकमेकांना चिकटतील असं. आणि वाचताना घरात एक दांडगा माणूस हवा.

दांडगा माणूस कुठून आणू? पंक्चरवालाच म्हणाला, मी येतो. नव्या दातांनी हसला आणि म्हणाला की आता तो कसं मारतो ते मला ठाऊक झालंय.

तुझ्या पानावर मी तू लिहिलेलं सगळं घातलं. बेल्टही, दुसरा फटकाही. दादाने एक पान वाचलं, मग समोरचं. उठला. स्टूल उचललं. पंक्चरवालाही उठला. मी दाराची कडी काढून ठेवली होती. दादा स्टूल डोक्यावर धरून उभा राहिला, आणि घशातून असा आवाज आला की तसा मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. मग त्याने स्टूल खाली ठेवलं आणि त्यावरच बसला. वहिनी कुठे आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं. ती आपणहून गेली का, विचारलं. हो म्हटलं. बरं केलं, म्हणाला.

सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. रोज सकाळी तेच, रोज नव्याने. कधी भिंतीवर बुक्की, कधी ताट भिरकावणं. काचेचे कप संपले, आता स्टीलचे आणलेत. एकदा पंक्चरवाल्याचा सदरा फाडला. पण माणसावर हात पडलेला नाही. वहिनी परत आली आहे. दादाचं वाचन आटोपेपर्यंत शेजाऱ्यांकडे बसते, मग घरात येते. हा तिचा नियम, आणि तो तिने ‘घर’च्या भागात पहिल्याच पानावर लावलाय.

वकीलबाई म्हणतात, या महिन्यात तुझा जामीन होईल. दादाला सांगितलं. त्याने पेन मागितलं आणि मला खोलीबाहेर घालवलं. सोबतचं पत्र त्याचं आहे. मी वाचलेलं नाही. म्हणजे, नक्कल काढताना डोळ्यांखालून गेलं तेवढंच.

तुला जे वाटेल ते वाटू दे, पण मला लिहीत राहा.

तुझी,
ताई


दि. १ मार्च, वाचून झाल्यावर

बारक्या,
आशीर्वाद लिहायचा की नाही यावर बराच वेळ गेला. लिहितो. आशीर्वाद.

ताई म्हणते तू बाहेर येणार. हे पत्र मी लिहिलं हे उद्या मला आठवणार नाही, म्हणून नक्कल प्लॅनरमध्ये लावायला सांगितली आहे. तुझं उत्तर आलं की आधी मला ही नक्कल वाचायला देतील, मग तुझं उत्तर.

तू माझ्या डोक्यात मारलंस हे मला वाचावं लागतं. वाचलं की तुझा गळा धरावासा वाटतो. खोटं कशाला सांगू? आजही वाटला. पण मी तुला मारलं ते वाचावं लागत नाही. ते सगळं मला आठवतं. हेडलाइट आठवतो. तू गाडीखाली लपलास आणि मी तुला पायाला धरून बाहेर ओढलं, तुझी हनुवटी फरशीवर घासत आली, ते आठवतं. मी तेव्हा जेमतेम एकवीसचा होतो, आणि बापाने असंच वागायचं असतं असं मला वाटायचं. ही सबब नाही. तेव्हा वाटायचं, एवढंच.

‘माणसं’मध्ये सगळ्यांची पानं होती, माझं नव्हतं. आज मी केलं. त्यावर हे लिहिलं. तुझ्या वहिनीचा हातही लिहिला, पंक्चरवाल्याचे दातही. पान भरलं, तेव्हा दुसरं जोडलं.

तुला माफ केलं असं लिहीत नाही. आज लिहीन आणि उद्या सकाळी मलाच ते माहीत नसेल. तूही मला केलं म्हणू नकोस.

पण घरी ये. सकाळी येऊ नकोस. सकाळी मला काही ठाऊक नसतं, मी धावत येऊन तुला मिठी मारीन आणि मग वाचीन, आणि मग काय होईल सांगता येत नाही. दुपारी ये. तोवर मी वाचलेलं असेल, चिडून झालेलं असेल. आधी वहिनीला विचार, ती हो म्हणाली तरच. दारातून हाक मार, एकदम जवळ येऊ नकोस. पंक्चरवाला मधे बसेल. तू टेबलाच्या त्या बाजूला बस, मी या बाजूला. हात दोघांनीही टेबलावर ठेवायचे, दिसतील असे.

चहा तूच कर. तुझ्या हातचा चांगला होतो, हे मला आठवतं.

दादा